तीन हात कमी पडलेली वायर

घरात वायफाय असताना भिंतीतून वायर कशाला ओढायची, हा प्रश्न मला कोल्हापुरात इतक्या जणांनी विचारलाय की आता मी उत्तर देण्याआधी चहा मागतो. उत्तर लांबलचक आहे आणि त्याला घसा ओला लागतो. माझं नाव सिकंदर, धंदा वायर ओढण्याचा. आधी टेलिफोनची ओढली, मग केबल टीव्हीची, आणि गेली बरीच वर्षं घराघरांतून इंटरनेटची ओढतो. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून शिडीवरची कामं कमी केलीत, पण कुणाचा फोन आला की हात शिवशिवतात.

तर उत्तर असं. वायफाय म्हणजे घरभर मोठ्यानं बोलणं. मधे जाड भिंत आली, लोखंडी पत्रा आला, शेजारच्यांचंही तसंच मोठ्यानं चालू असलं, की शब्द गळतात. वायर म्हणजे कानाला तोंड लावून सांगणं. मोबाइलवर गाणी बघायला मोठ्यानं बोललेलं पुरतं. पण ज्याची भाकरी त्या बोलण्यावर आहे, त्याच्या टेबलापर्यंत वायर न्यावी. माझ्या विद्येचं सार एवढंच, बाकी सगळं ड्रिल मशीन आणि धूळ.

एका वायरीच्या चार करायच्या तर मधे स्विच लागतो. हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. तळहाताएवढी डबी असते आणि तिला ओळीनं भोकं असतात. पूर्वी तिच्या जागी हब यायचा. तो दवंडीवाल्यासारखा, एकाचा निरोप साऱ्या गावाला ओरडून सांगायचा. स्विच पोस्टमनसारखा आहे. कुठल्या भोकामागं कोण राहतं हे तो आपलं आपण शिकतो आणि ज्याचं पत्र त्याच्याच दारात टाकतो. तो घेताना फार डोकं लावू नये. घरात वायरीवर चालणाऱ्या वस्तू मोजाव्यात, त्यात दोन मिळवावेत आणि तेवढ्या भोकांचा घ्यावा. वर गिगाबिट लिहिलेलं बघावं, अंग धातूचं असलं तर उत्तम. आणि तो कपाटात कोंडू नये, त्यालाही वारा लागतो.

हे न ऐकणारे भेटतातच. राजारामपुरीत एक निवृत्त सर होते. घरात माणसं तीन, कॉम्प्युटर एक. सरांनी चोवीस भोकांचा स्विच आणून ठेवला होता, एखाद्या बँकेत शोभेल असा. मी म्हटलं, सर, एक राउटरला, एक कॉम्प्युटरला, बावीस भोकं रिकामी राहतील. सर म्हणाले, ‘असू दे, पुढंमागं लागतंय.’ त्या स्विचला आत पंखा होता आणि तो दिवसभर घरघरायचा. सरांच्या पत्नींनी चार दिवस सोसलं, पाचव्या दिवशी त्यावर गोधडी टाकली. सहाव्या दिवशी मला बोलावणं आलं. गोधडी काढली तर स्विच शेगडीवरून उतरवल्यासारखा तापलेला. मी पाच भोकांचा बसवून दिला. मोठा स्विच सरांनी परत केला नाही, दिवाणखान्यात शोकेसमध्ये ठेवला. येणाऱ्या पाहुण्याला दाखवतात म्हणे.

वायरीची गोष्ट मात्र वेगळी. इतकी वर्षं हाताळूनही तिचं नवल माझ्या मनातून गेलेलं नाही. वरचं साल सोलून बघा. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकीला पीळ घालून गुंफलेली. गंमत म्हणजे चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. एकीचा घट्ट, दुसरीचा सैल. सारखा असता तर एका जोडीतलं बोलणं दुसरीत सांडलं असतं. म्हणजे वायरीची सगळी ताकद त्या पिळात आहे. टोकाला पिन बसवताना पीळ अगदी अर्ध्या बोटाएवढाच उकलायचा. ज्यानं कुणी हे प्रथम शोधून काढलं त्या माणसाचे हात मला एकदा बघायचे होते. मी नमाजाला बसलो तरी कधीकधी तो पीळ डोळ्यासमोर येतो आणि मग मी माफी मागतो.

घरासाठी कॅट सिक्स लिहिलेली वायर भरपूर झाली. कॅट फाइव्ह ई आधीच भिंतीत असेल तर ती उपटू नका, चांगली असली तर तीही पुरते. याहून वरच्या आकड्याची, सोनेरी पिनांची जी वायर लोक हौसेनं आणतात, ती घरात आणणं म्हणजे मुंगीला हत्तीची झूल. एकच तपासा. ब्लेडनं तार खरवडा. आतही तांबडी दिसली तर तांबं. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, तसलं वेटोळं दुकानदाराला परत द्या. तो म्हणेल, सगळे हेच नेतात. म्हणू दे.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसानं जी चूक केली ती आता सांगतो. ती करायला आधी टेलिफोनवाला असावं लागतं.

टेलिफोनला दोनच तारा. तुटली की दोन्ही टोकं सोलायची, एकमेकांत मुरड मारायची, वर टेप गुंडाळायची. माझी मुरड नावाजलेली होती. गगनबावड्याकडं जिथं चार महिने छत्री मिटत नाही, तिथले माझे जोड वर्षानुवर्षं टिकले. मुकादम म्हणायचा, सिकंदरचा जोड कुठं आहे ते वायरीलासुद्धा कळत नाही. तरुणपणी ऐकलेलं कौतुक माणसाच्या अंगात मुरतं. माझ्याही मुरलं.

गडमुडशिंगीत, आमच्या तोंडी नुसतं मुडशिंगी, एक दूधवाले शेतकरी आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. पुढं दुमजली घर, मागं आठ म्हशींचा गोठा, आणि गोठ्यावर चढवलेल्या मजल्यावर लेकीची, अश्विनीची खोली. इंटरनेट येऊन थांबलेलं पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत. मधे दोन जाड भिंती आणि गोठ्याचा पत्रा. आबांचा फोन आला तो असा, ‘भाई, पोरीच्या खोलीत नेट पोचत न्हाय. काय लागंल ते घिऊन या, पण बेस्तरवारच्या आत काम झालं पायजे.’

सोमवारी जागा बघायला गेलो, तेव्हा गुरुवारी काय आहे ते अश्विनीनं सांगितलं. तिची आई, आक्का, जन्मापासून बहिरी. पोरगी आईच्या हातांकडं बघतच बोलायला शिकलेली. पुढं पुण्याला जाऊन तिनं खुणांच्या भाषेचं रीतसर शिक्षण घेतलं. आता एक संस्था दवाखान्यांना दुभाषे पुरवते. बहिरा रुग्ण आणि डॉक्टर तिकडे बसतात, समोर पडद्यावर दुभाषी. रुग्ण हातांनी सांगतो ते ती बोलून डॉक्टरांना सांगते, डॉक्टरांचं हातांनी रुग्णाला. घरबसल्या करायचं काम, पण आधी पडद्यावरच परीक्षा. अश्विनीच्या दोन परीक्षा चित्र अडकल्यामुळं वाया गेल्या होत्या. तिसरी गुरुवारी दुपारी, आणि ती शेवटची. तीही गेली तर तिला पुण्याला संस्थेच्या कचेरीत जाऊन राहावं लागणार होतं.

मी म्हटलं, पुणं काय लांब नाही.

‘लांब नाही चाचा,’ ती म्हणाली. ‘पण आबांना दहा-बारा खुणा येतात. चहा, म्हैस, डॉक्टर, ये, जा. आईला त्याच्यापेक्षा जास्त बोलायचं असतं.’

आक्का तेव्हा दारातच उभ्या होत्या, माझ्यासाठी चहा घेऊन. मी कप घेतला आणि अश्विनीकडं बघून म्हणालो, आईंना सांग, चहा छान झालाय. तो दिवस आणि पुढचा, दोन्ही दिवस मी असंच करत राहिलो. आक्का समोर असायच्या आणि मी त्यांच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायचो.

मंगळवारी काम काढलं. राउटरला एकच भोक धड होतं. तिथं पाच भोकांचा स्विच लावला. एक वायर टीव्हीला, एक गोठ्यातल्या कॅमेऱ्याला, कारण म्हैस व्यायला झाली की आबांना सोप्यातून बघायचं असतं, आणि तिसरी अश्विनीला. तिसरी सगळ्यात लांब. अंतर मी टेपनं मोजलं नाही. इतक्या वर्षांच्या नजरेला टेप कशाला? वायरीची अर्धी उरलेली पेटी आणली होती, ती पुरेल असं ठरवून टाकलं. गोठ्यात पाण्याची नवी कुंडी बांधलेली, तिला वळसा घालावा लागला, आणि शेवटच्या कोपऱ्यावर वायर संपली. तीन हात कमी.

कोल्हापुरात जाऊन नवी पेटी आणायची म्हणजे दीड तास. धारा काढायची वेळ झालेली, आबा घाईत. पिशवीत एक तुकडा होता. मी कोपऱ्यात बसलो, दोन्ही टोकं सोलली, आठही तारांचे पीळ उकलून सरळ केले, एकेकीला मुरड मारली, टेप गुंडाळली आणि जोड वायर नेलेल्या पाइपात सारून दिला. दिसायला इतका देखणा झाला होता की कुणाला दाखवता येत नाही याचं मला वाईट वाटलं. टेस्टर लावला. आठच्या आठ दिवे लागले. अश्विनीनं कॉम्प्युटरवर एक व्हिडिओ लावून बघितला, तो झरझर चालला. मी शाबासकी घेऊन घरी आलो.

बुधवारी दुपारी तिचा फोन. सराव करताना चित्र पुन्हा अडकलं होतं. आणि मी ते वाक्य बोललो जे आमच्या धंद्यातला प्रत्येकजण बोलतो. ‘वरून प्रॉब्लेम असंल, कंपनीकडनं. आपल्या वायरीत काय न्हाई.’ वर कंपनीला चार शिव्याही घातल्या.

ती भांडली नाही. काय झालं ते फक्त सांगितलं. सरावाला पुण्यात तिला शिकवणाऱ्या बहिऱ्या बाई पडद्यावर रुग्ण झाल्या होत्या. त्यांनी हातांनी सांगितलं, हे औषध मला चालत नाही. खुणांच्या भाषेत नकार शेवटी येतो. आधी औषध, मग चालणं, मग नाही. चित्र नेमकं ‘नाही’च्या आधी थिजलं. पुन्हा हललं तेव्हा बाईंचे हात मांडीवर होते. अश्विनीला वाटलं, वाक्य संपलं. तिनं सांगितलं, चालतं.

‘आज सराव होता म्हणून बरं,’ ती म्हणाली. ‘खरा डॉक्टर असता तर त्यानं औषध दिलं असतं.’

फोन ठेवला आणि पिशवीतला टेस्टर काढून समोर ठेवला. आठ दिवे लागले म्हणजे तारा एकमेकींना टेकल्या आहेत एवढंच कळतं. त्यातून बोलणं धड जातंय का हे ते दिवे सांगत नाहीत. हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो होतो. गोठा रोज पाण्यानं धुतात, म्हशी खांबाला अंग घासतात, पाइप हलतो. माझा देखणा जोड क्षणभर सुटत असणार आणि परत टेकत असणार. टेलिफोनवर तेवढ्यानं खरखर ऐकू येते, माणूस ‘काय म्हणालास?’ विचारतो आणि काम चालतं. इथं एक ‘नाही’ गळून पडत होता. मला लाज वाटली. नुसती चुकीची नव्हे, कंपनीला घातलेल्या शिव्यांची जास्त.

गुरुवारी सकाळी नवी, शिक्का न फोडलेली पेटी घेऊन मुडशिंगी गाठली. आबा किटल्या गाडीवर लावत होते. मी गाडीजवळच सांगून टाकलं की वायर कमी पडली होती, मी जोड दिला, चूक माझी.

आबांनी माझ्याकडं बघितलं. ‘मग काल कंपनीला कशापायी शिव्या घातल्या?’

‘चुकलं.’

‘व्हय, चुकलंच की,’ आबा म्हणाले. ‘दूध घालून येतो. तवर हुतंय का बघा.’ आणि गेले.

वायर पाइपातून ओढायला दोन माणसं लागतात. एक या टोकाला ढकलतो, दुसरा त्या टोकाला ओढतो, आणि दोघं ओरडत असतात. वढ. थांब. सोड जरा. अश्विनीची परीक्षा दोन-तीन तासांवर आलेली, तिला धुळीत कशी घेणार? तेवढ्यात आक्काच पदर खोचून पुढं आल्या आणि त्यांनी वायरीचं टोक मागितलं. मी चाचरलो. ओरडल्याशिवाय हे काम मी जन्मात केलेलं नव्हतं. आक्कांनी माझ्या हातातली वायर धरली, एकदा हिसका दिला आणि तळहात उभा केला. थांब. दोनदा हिसका दिला आणि हात स्वतःकडं वळवला. आता मी ओढते. एवढीच शिकवणी झाली.

त्या गोठ्याच्या पलीकडं गेल्या, मी अलीकडं. आधी जुनी वायर ओढली. जोड माझ्या बाजूला सुटून निघाला, टेप ओली, आत दोन तारा काळ्या पडायला लागलेल्या. मग लवचिक पट्टीला नवी वायर बांधून आत सारली. आणि मी चाट पडलो. भिंतीआड दिसत नसलेली बाई त्या वायरीतून माझं सगळं ओळखत होती. माझ्याकडं वेटोळ्याला गाठ पडायच्या बेतात आली की पलीकडून ओढणं आपोआप थांबायचं. कोपऱ्यावर वायर घासायला लागली हे मला कळायच्या आत एक हिसका यायचा. मी थोडं सैल सोडलं की दोन हिसके. ज्या कामाला आम्ही दोन धट्टेकट्टे गडी तासभर बोंबलत असतो, ते पाऊण तासात झालं, एकही शब्द न बोलता, आणि वायरीला कुठं खरचटलं नाही. माझ्या उभ्या धंद्यात इतक्या चांगल्या हाताचा जोडीदार मिळाला नव्हता. आणि दोन दिवस मी त्या बाईशी एक शब्दही थेट बोललो नव्हतो.

अख्खी वायर, जोड नाही. टोकांना पिना मारल्या, अर्ध्या बोटाएवढाच पीळ उकलला. स्विचवरचा दिवा हिरवा झाला. मी तिथं खुर्ची टाकून पंधरा मिनिटं नुसता त्याच्याकडं बघत बसलो. तो एकदाही विझला नाही.

परीक्षेच्या वेळी अश्विनीनं खोलीचं दार लावून घेतलं. मी आणि आक्का बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. आतून अश्विनीचा आवाज आला, ‘मी सहा महिन्यांची गरोदर आहे. तीन दिवस झाले, पोटात दुखतंय.’

मी दचकून उठलोच. मग ध्यानात आलं, हे तिचं नव्हे. दुभाषी ‘ती म्हणते’ असं म्हणत नाही. पलीकडची बाई ‘मी’ म्हणाली की हीसुद्धा ‘मी’ म्हणते. अश्विनीचा आवाज बदलला होता, थकलेला आणि घाबरलेला झाला होता. कुठल्या तरी गावात बसलेल्या, आयुष्यात कधी न बोललेल्या बाईंचे हात पडद्यावर हलत होते आणि त्यांचं बोलणं मुडशिंगीत गोठ्याच्या वर ऐकू येत होतं. मधे मी ओढलेली वायर होती. मी आजवर हजार घरांत वायर नेली, तिच्यातून काय जातं याचा विचार केला नव्हता.

आक्कांना आतलं काही ऐकू येत नव्हतं. त्या माझा चेहरा वाचत होत्या. मी श्वास रोखला की त्यांची बोटं पदरात घट्ट व्हायची. मी सोडला की सैल. त्यांची लेक राहते की जाते, हे त्यांना माझ्या तोंडावर बघायचं होतं.

आतून आवाज आला, ‘ही गोळी मी आधी घेतली होती. ती मला चालत’ आणि मी मूठ आवळली. ‘नाही. अंगावर गांधी उठतात.’

मी मान हलवली. आक्कांनी डोळे मिटून घेतले.

अर्ध्या तासानं दार उघडलं. अश्विनी घामानं निथळत होती. तिनं आधी आईकडं बघून हात हलवले, मग मला सांगितलं की संस्थेनं तिला तिथल्या तिथं कामावर घेतलं, सोमवारपासून काम, इथूनच. आबा तोवर आले होते. ते रिकामी किटली हातात धरून पायरीखाली उभे राहिले आणि ‘झालं न्हवं?’ एवढंच म्हणाले.

मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो. आक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडं बघत हात हलवले आणि अश्विनी माझ्या शेजारी उभी राहून बोलली, परीक्षेत बोलत होती तसंच. तिच्या तोंडून आक्का मला विचारत होत्या, ‘ही वायर किती वर्षं टिकंल?’

गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर माझ्या जिभेवर असतं. पण त्या दिवशी मी विचार केला. सगळं तांबं, पाइपात, मधे जोड नाही. मी अश्विनीकडं न बघता आक्कांकडं बघून म्हणालो, ‘वीस वर्षं तर नक्की टिकंल, आक्का.’ अश्विनीच्या हातांनी ते त्यांना सांगितलं.

आक्कांनी बोटांवर काहीतरी मोजलं. स्वतःचं वय असावं. त्यात वीस मिळवले, आणि हसून हात हलवले.

‘मग माझ्यापुरती पुरली,’ अश्विनीनं सांगितलं.

आबांनी किटली खाली ठेवली.

‘भाई,’ ते म्हणाले, ‘ह्याच्यापरीस जास्त टिकणारी न्हाय का तुमच्याकडं?’

‘आणतो की, आबा,’ मी म्हणालो.